वापरलेला वारा

उन्हासाठी चेहऱ्याभोवती गुंडाळलेल्या स्कार्फात तिनं फोन कानाशी खोचून ठेवला होता, त्यामुळं साइटवरच्या राजकुमार दाभाडेचा आवाज बाहेरून आला असं वाटलंच नाही. आपल्याच डोक्यात कुणीतरी बोललं असं वाटलं. "मॅडम, सात नंबर थरथरायलाय." आझाद चौकात सिग्नल लाल होता. मे महिन्याचं दहाचं ऊन स्कूटीच्या आरशात मावत नव्हतं. "थरथरायलाय म्हणजे?" मुबश्शिरानं विचारलं, आणि शेजारच्या रिक्षावाल्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तीच थरथरत होती. "म्हंजी कसं सांगू, खाली टॉवरला हात लावला तर हातात येतंय. आधी असं नव्हतं. तुम्ही चार नंबरची मान वळवायला सांगितली ना, तवापासून. इथले साहेब म्हणतेत, बारापर्यंत तुमच्याकडून उत्तर आलं नाय तर प्रयोग बंद. पंखा पुन्हा होता तसा." सिग्नल हिरवा झाला, मागच्या सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवले, आणि तिला सरळ कॅनॉटकडं, ऑफिसकडं जायचं होतं तरी तिच्या हातांनी स्कूटी वळवली आणि पुन्हा चंपा चौकाच्या दिशेनं, अब्बांच्या दुकानाकडं घातली. हातांनी असं परस्पर काही ठरवलं की तिला हसू यायचं. आत्ताही आलं.

सात नंबर म्हणजे इथून सव्वाशे किलोमीटरवर, बीडच्या पठारावर उभी असलेली एक पवनचक्की. तिच्या अगदी समोर, पश्चिमेला, चार नंबर. वारा आधी चारला लागतो. चार त्यातलं बळ काढून घेते आणि उरलेला, मंदावलेला, गरगरलेला वारा मागं सोडते, तो सातच्या वाट्याला येतो. या मागं सुटलेल्या वाऱ्याचा अभ्यास हेच मुबश्शिराचं काम होतं. गेली सहा वर्षं आप्पासाहेबांच्या छोट्याशा सल्लागार कंपनीत, आठ खुर्च्या आणि एक एसी असलेल्या खोलीत बसून, ती कधी न पाहिलेल्या टेकड्यांवरचा वारा मोजत होती. लोकांना सांगितलं तर लोक विचारायचे, वाऱ्याचं काय मोजायचं? लग्नकार्यात भेटणाऱ्या खाला, म्हणजे मावश्या, तर सरळ म्हणायच्या, "हवा गिनती है बेचारी." तिला ते वाक्य आवडायचं. एकदा साइटवरच्या लोकांना शहरात बोलावून तिनं तासभराचा वर्ग घेतला होता, तेव्हा सोपं करून सांगायच्या उत्साहात ती म्हणाली होती, की पुढचा पंखा वारा उष्टा करतो आणि मागच्याला तो उष्टा वारा खावा लागतो. सगळे हसले. मागं बसलेला राजकुमार तेवढा हसला नाही. वर्ग संपल्यावर वायर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मॅडम, उष्टा नका म्हणू. वापरलेला म्हणा." तिला वाटलं, शब्दाची आवड असेल. तिच्या घरात एका ताटात चौघं जेवायची, उष्टं हा शब्द तिला कधी कुठं टोचला नव्हता. कितीतरी दिवसांनी, कचेरीत डबा खाताना, काही कारण नसताना तो शब्द पुन्हा आठवला आणि घास तोंडातच थांबला होता. त्याच्या आजीला, पणजीला तो शब्द कुणी कसा ऐकवला असेल, ते उष्टं थाळीत पडत असेल की पदरात, याचा विचार तिनं तोवर केला नव्हता. तेव्हापासून ती वापरलेला वारा म्हणू लागली होती. अहवालातसुद्धा.

चारची मान वळवायची कल्पना तिची होती. पुढचा पंखा वाऱ्याला सरळ तोंड न देता जरा तिरका उभा केला, तर त्याचा मागचा झोत बाजूला सरकतो. पुढच्याचं थोडं नुकसान होतं, पण मागच्याला ताजा वारा मिळतो आणि दोघांची बेरीज वाढते. जगात हे ठिकठिकाणी करून पाहतात, पण आप्पासाहेबांना पटायला आठ महिने लागले. ते मूळचे गंगापूरचे, कपाशी आणि उसाच्या गावचे, आणि हसतमुख. कुणाचंही काम थांबवायचं नाही पण टोमणा मात्र सोडायचा नाही, असा त्यांचा खाक्या. "वाऱ्याला छातीवर घेणारी वस्तू आपण तिरकं बघायला शिकवायची," ते म्हणाले होते, "करा बाई, करा. बिघडलं तर मी म्हणीन माझ्या ऑफिसातल्या एका पोरीला वाऱ्यानं भुलवलं." आणि सही केली होती. आज अकराला त्यांच्यापुढं पहिल्या वीस दिवसांचे आकडे मांडायचे होते. आकडे वाईट होते, हे तिला कालपासून माहीत होतं. सात नंबरला फायदा नव्हताच. पण थरथर? थरथर म्हणजे झोत पुरता बाजूला गेलाच नाही. अर्धा सरकून मध्येच अडकलाय, सातच्या अर्ध्या पात्यांवर मंद वारा आणि अर्ध्यांवर जोराचा. एका खांद्यावर पोतं दिलेल्या माणसासारखा तो पंखा चालत असणार. तिचा हिशेब वीस अंशांचा होता. वीस अंशांत झोत बराचसा बाजूनं निघून जायला हवा होता. मग अर्धाच का गेला? वारा खोटं बोलत नाही, हे तिला अब्बांनी शिकवलेलं पहिलं वाक्य. खोटं कोण बोलतंय हे तिला रस्ताभर उमगेना. लोटाकारंजाच्या वळणावर एका हातगाड्यावरच्या खरबुजांचा वास आला आणि त्या वासाबरोबर, कसलाही संबंध नसताना, तिला किराडपुऱ्यातल्या एका लग्नाचा हॉल आठवला.

तेव्हा ती बारा वर्षांची होती. अब्बांचे सहा कूलर भाड्यानं गेले होते आणि हॉल लांबट असल्यामुळं मंडपवाल्यानं ते एकामागं एक उभे केले होते. मागं बसलेल्या म्हाताऱ्या लोकांनी ओरडायला सुरुवात केली, "कमरोद्दीन, तेरा कूलर गरम फेंकता!" अब्बा पाहुणे म्हणून आले होते, अंगात शेरवानी होती. त्यांनी मुबश्शिराचा हात धरला, तिला पहिल्या कूलरपासून शेवटच्यापर्यंत चालवत नेलं आणि प्रत्येक ठिकाणी तिचा तळहात हवेत धरायला लावला. कुठं थंड, कुठं नुसतीच ओल, कुठं गालावर गुदगुल्या. मग त्यांनी पहिल्या कूलरचं तोंड चार बोटं भिंतीकडं वळवलं. फक्त चार बोटं. मागच्या म्हाताऱ्यांचे आवाज बंद झाले आणि बिर्याणीवर हात पडू लागले. आप्पासाहेबांनी मुलाखतीत विचारलं होतं, वाऱ्याची ओढ कुठून लागली, तेव्हा तिनं हीच गोष्ट सांगितली होती, आणि त्यांनी पदव्यांची फाइल न उघडताच बाजूला ठेवली होती. अर्थात कूलर वारा देतो आणि पवनचक्की वारा घेते, दोघांचा धंदा उलटा. हे तिला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण तळहातावरची ती गुदगुली तिच्या सगळ्या समीकरणांच्या आधीची होती.

दुकानासमोर फुटपाथवर पत्र्याचे नवे कोरे कूलर ओळीनं उभे होते, काहींना जाळ्या बसायच्या होत्या, काहींच्या कडेनं गवत बाहेर आलेलं होतं. अब्बा एका उघड्या कूलरपुढं स्टुलावर बसले होते. पंखा चालू होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाला कूलरच्या गवताची एक लांब काडी दोऱ्यानं बांधली होती आणि ती पंख्यापुढं धरून बघत होते. तिला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. "ऑफिस नै गए?" "जा रहीच हूं, अब्बा. पानी पीने आई." "पानी पीने आझाद चौक से उल्टा आई," ते म्हणाले आणि पुन्हा काडीकडं वळले. हे त्यांचं नेहमीचं. माठातलं पाणी घेऊन ती त्यांच्यामागं उभी राहिली. पाणी पिताना तिची नजर त्या काडीवर होती. काडी सरळ पुढं उडत नव्हती. ती डावीकडं झुकून उडत होती, हट्टानं, अब्बांनी काडी धरलेला हात कितीही नेमका मधोमध असला तरी. "ये टेढी क्यूं उड रही?" तिनं विचारलं, उत्तर तिला ठाऊक होतं, पण त्या क्षणी ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. "पंखा हवा को घुमा के फेंकता ना बेटा," अब्बा मागं न बघता म्हणाले. "यहां खडे हो के हवा का रास्ता पूछोगे, तो हवा का नै बताएंगी ये. पंखे का बताएंगी."

तिनं पेला खाली ठेवला. पेला पत्र्यावर ठेवल्याचा आवाज तिला फार लांबून ऐकू आला. प्रत्येक पवनचक्कीच्या डोक्यावर वाऱ्याची दिशा सांगणारा एक छोटा बाण असतो. साइटवर सगळे त्याला कोंबडा म्हणत, त्याला ना तुरा ना चोच तरी. हा कोंबडा पात्यांच्या मागं बसवलेला असतो. पात्यांच्या मागं. म्हणजे तो बिचारा जन्मभर वापरलेल्या वाऱ्यातच उभा. जो वारा पात्यांनी आधीच घुमवला आहे त्याची दिशा सांगतो, आणि त्याच्या शब्दावर सगळं धूड वळतं. तेवढा फरक कारखान्यातच वजा करून ठेवलेला असतो, असं तिनं गृहीत धरलं होतं. गृहीत. दहा महिन्यांपूर्वी, प्रयोगाच्या तयारीत, तिला दोन कोंबड्यांचं भांडण सापडलं होतं: चार नंबरच्या डोक्यावरचा, आणि पठाराच्या टोकाला मोकळ्यावर उभारलेल्या वारा मोजायच्या खांबावरचा. दोघांत कायम नऊ अंशांचा फरक. एक कोंबडा मोठ्या कंपनीनं कारखान्यात बसवलेला. दुसरा राजकुमार दाभाडेनं खांबावर चढून, हातानं. तिनं एका दुपारी, चहा थंड व्हायच्या आत, निकाल दिला होता. अहवालातलं वाक्य तिला आत्ता जसंच्या तसं दिसलं: खांबावरचा दिशादर्शक नऊ अंशांनी चुकीचा बसवलेला आहे, बसवणाऱ्याच्या कामाची तपासणी व्हावी. तपासणी झाली नाही, नुसती बदली झाली. राजकुमारला उपकरणांच्या तुकडीतून काढलं आणि जमिनीवरच्या देखरेखीला लावलं. म्हणून तर तो आज टॉवरच्या पायथ्याशी हात लावून उभा होता; वर चढायचं काम त्याच्याकडं राहिलंच नव्हतं.

तिनं दुकानाच्या मागं, गवताच्या गासड्यांमागं जाऊन फोन लावला. "दाभाडे, खांबावरचा कोंबडा तुम्ही कसा बसवला होतात?" पलीकडं पठारावरचा वारा फोनमध्ये फरफरत होता. त्यातून तो म्हणाला, "सांगितलं होतं मॅडम. तुमाला मेल केलता." "परत सांगा." "होकायंत्र लोखंडाजवळ भुलतं. खांब लोखंडाचा. म्हणून गेल्या सालच्या जानेवारीत तीन दिस सावली धरली. सूर्य माथ्याच्या रेषेत आला का खांबाची सावली बरोबर उत्तरेला पडती. तिथं चुन्यानं रेघ मारली, तिन्ही दिस त्याच रेघेवर आली. मंग वर चढून त्या रेघेला धरून बसवला." त्याचा आवाज तक्रारीचा नव्हता. पाढा म्हणावा तसा होता. तिनं फोन न ठेवताच जुने मेल उघडले. होता. दोन फोटो, खडकाळ जमीन, पांढरी रेघ, रेघेवर पडलेली खांबाची बारीक सावली आणि शेजारी फूटपट्टी. आणि खाली तिचं उत्तर, दोन शब्दांचं: नोंद घेतली. फोटो उघडल्याचं तिला आठवतच नव्हतं. "मॅडम? हाय का?" "आहे," ती म्हणाली. "तुम्ही तिथंच थांबा."

ऑफिसला पोचेपर्यंत हिशेब आपोआप जुळत गेला. चार नंबर सरळ उभी आहे असं सगळे समजत होते तेव्हाच ती नऊ अंश उजवीकडं तिरकी होती. आपण वीस अंश डावीकडं वळवली, पैकी नऊ ती सरळ होण्यात गेले, हातात उरले अकरा. अकरा अंशांचा झोत अर्ध्यातच अडकणार. आणखी नऊ अंश, बस. इतकं सोपं की तिला सिडकोच्या उड्डाणपुलाखालीच गाणं म्हणावंसं वाटलं. आणि त्याच वेळी एक दुसरा, फार सभ्य आवाज आत बोलू लागला. आणखी नऊ अंश वळवूया, पहिल्या निकालांवरून सुधारणा, एवढं म्हटलं तरी पुरे. आप्पासाहेब कारण विचारणार नाहीत. प्रयोग वाचेल, सात नंबर गप्प होईल, सगळे खूश. दहा महिन्यांपूर्वीचा अहवाल कुणी उघडणार नाही, कारण अहवाल कुणीच उघडत नाही, तूसुद्धा मेलमधले फोटो उघडले नव्हतेस. तो आवाज तिचाच होता, इस्त्री केलेला. स्कूटी उभी करताना तिला जाणवलं की आपण त्याला उत्तर देत नाही आहोत, नुसतं ऐकत आहोत. जिन्यात कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाच्या चटणीचा वास होता. पहिल्या मजल्यावर ती थांबली. फोटोतली ती फूटपट्टी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शाळेतली, लाकडी, एका टोकाला चावलेली. घरातल्या कुठल्यातरी लेकराची मागून आणली असणार, साहेब लोकांना माप दिसावं म्हणून.

आप्पासाहेबांनी बशीत चहा ओतला होता. "या. वाऱ्यानं भुलवलं का?" "नाही सर. मीच भुलले, आणि दोष दुसऱ्यावर ढकलला." आणि तिनं सगळं सांगितलं, सावलीपासून. काडी, कोंबडा, नऊ अंश, मेल, दोन शब्द. सांगताना तिचे कान तापले होते, पण आवाज ठीक होता, थोडा जास्तच मोठा. आकाश नावाचा नवा इंजिनिअर कोपऱ्यात संगणकावर बोटं तशीच ठेवून ऐकत होता. आप्पासाहेबांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे दहा महिने आपण खऱ्या कोंबड्याची मान मुरगळून बसलो." "मी, सर. आपण नाही." "अहवालावर सही माझी आहे, बाई. एवढा मोठेपणा एकटीनं घेऊ नका." त्यांनी फोन उचलला, साइटच्या साहेबांना लावला, आणि गंगापुरी आवाजात, समोरच्याला मध्ये बोलू न देता सांगितलं की आणखी नऊ अंश डावीकडं, जबाबदारी आमची, आणि त्या दाभाडेला विचारून करा, त्याला वाऱ्याची दिशा कळते. मग फोन ठेवून ते म्हणाले, "लेखी द्यायचं हे. मराठीत. इंग्रजीत लिहिलं की चूक कुणाची होती तेच कळत नाही."

बारा वाजून गेले, साडेबाराही झाले. ती खिडकीशी उभी होती; समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी पश्चिमेकडून फुगत होत्या, आणि ती मनातल्या मनात त्यांच्याही मागचा वारा मोजत होती, सवयीनं. फोन वाजला. "मॅडम, हात लावून बघितलं," राजकुमार म्हणाला. "गप झालाय. लई गप. कान लावला तरी नाय." आकाशनं टाळी वाजवली. तिनं फोनवरच सांगितलं, दाभाडे, चूक माझी होती, अहवाल बदलते आहे. "हां मॅडम," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुढं कितीतरी दिवस आकडे चांगले येत राहिले, दोन्ही पंख्यांची बेरीज वाढली, राजकुमार पुन्हा उपकरणांच्या तुकडीत गेला. आप्पासाहेबांनी एक दिवस सगळ्यांना मावा जिलेबी खिलवली. पण ते कोरडं "हां मॅडम" तिच्या कानात खोचलेलंच राहिलं. ते उपकाराचं नव्हतं, रागाचंही नव्हतं. पावती घेतल्यासारखं होतं.

म्हणून एका रविवारी, तो सुट्टीला घरी आलेला असताना, ती मुकुंदवाडीला गेली. स्टेशनच्या अलीकडची गल्ली, निळं दार. राजकुमार बनियनवर होता, तो गडबडून शर्ट शोधायला आत पळाला. त्याची बायको प्रेरणा हिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. कॉटवर त्याची आई बसली होती, चंपाबाई, चष्मा कपाळावर. "जयभीम मावशी," मुबश्शिरा म्हणाली. म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "जयभीम. तूच का ती? वाऱ्यावाली?" "व्हय, मावशी." "माझ्या लेकराला वरून खाली आणलं ती?" आतून राजकुमार "आई!" म्हणून ओरडला. "मीच ती," मुबश्शिरा म्हणाली. तिला का कोण जाणे बरं वाटलं. इतक्या दिवसांत सरळ कुणी विचारलंच नव्हतं. तिनं पिशवीतून कागद काढला, कंपनीच्या शिक्क्याचा, आप्पासाहेबांच्या सहीचा, आणि तो राजकुमारच्या हाती द्यायला गेली, तर तो शर्टाचं बटण लावत म्हणाला, "मेल आलाय ना मॅडम मला. वाचला मी."

"मला कुठं मेल येतो?" चंपाबाई म्हणाली. "वाच की गं पोरी. आमाला बी ऐकू दे."

मुबश्शिरानं उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. लिहिताना साधं वाटलेलं मराठी मोठ्यानं वाचताना फार उघडं वाटत होतं. खांबावरचा दिशादर्शक श्री. राजकुमार कडुबा दाभाडे यांनी अचूक बसवला होता. त्यांनी वापरलेली पद्धत योग्य होती आणि त्यांनी ती वेळीच कळवली होती. आधीच्या अहवालातला निष्कर्ष चुकीचा होता, तो निष्कर्ष मी काढला होता. नवऱ्याचं, कडुबाचं नाव आलं तेव्हा चंपाबाईनं डोळे मिटले, एवढंच. मग उघडले.

"म्हंजी माझं पोरगं सरळ व्हतं."

"व्हय."

"आन् पंखा वाकडा."

"पंखा वाकडा, मावशी. आणि मी पण."

प्रेरणा तोंडाला पदर लावून हसली, आणि मग राजकुमारही हसला, भिंतीकडं बघत, खांदे हलवत. मुबश्शिरानं त्याला हसताना पहिल्यांदाच बघितलं. चंपाबाई मात्र हसली नाही. ती कॉटवरून उतरली, चपला न घालता दारापर्यंत गेली आणि गल्लीत तोंड काढून शेजारच्या दाराकडं बघत खणखणीत आवाजात ओरडली, "साळूबाई! ए साळूबाई! हातातलं ठिव आन् इकडं ये. तुझ्या सुनंला बी आण."

मग ती परत येऊन बसली, कपाळावरचा चष्मा तिनं डोळ्यांवर घेतला, जसं काही तिलाच वाचायचं होतं.

"त्या येऊ दे," ती मुबश्शिराला म्हणाली. "मंग वाच. पयल्यापासून. आन् जरा दमानं."